खळदकरांच्या पाठीवरची खूण

माझ्या औषधाने चरबीची एकही गाठ विरलेली नाही. चव्वेचाळीस वर्षांत एकही नाही. हे वाचून कोथरूडमधल्या बऱ्याच घरांत ‘डॉक्टरांचं आता वय झालं’ असं म्हटलं जाईल याची मला कल्पना आहे. वय झालंच आहे, शहात्तर. पण त्याचा या वाक्याशी संबंध नाही.

मी होमिओपॅथीचा डॉक्टर. एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांत माझा दवाखाना होता. सर्दी, पित्त, मुलांची रडारड असं सगळं मी पाहत असे, पण लोक मला ओळखत ते ‘गाठींचे डॉक्टर’ म्हणून. ती ओळख मला कशी मिळाली, ते सांगण्यासाठी हा लेख आहे. आधी गाठ म्हणजे काय ते सांगतो.

कातडीखाली चरबीचा एक गोळा तयार होतो. दाबला तर मऊ लागतो आणि भिजवलेला हरभरा सालातून सटकावा तसा बोटाखालून सटकतो. सहसा दुखत नाही. बहुतेक गाठी माणसाबरोबर निवांत म्हाताऱ्या होतात आणि त्यांना काही करावं लागत नाही. गाठ भराभर वाढायला लागली, कडक लागली, जागची हलेना, दुखायला लागली किंवा आसपासच्या अवयवाचं काम बिघडलं, तर सर्जनला दाखवायचं. झालं. हे सांगायला दोन मिनिटं पुरतात.

आमच्याकडे पहिल्या भेटीला दीड तास लागतो. गार मानवतं की गरम, कोणत्या कुशीवर झोपता, स्वप्नात पाणी दिसतं का, विजांची भीती वाटते का, राग आला तर बोलता की गप्प बसता. रस्त्यात कुणी किती वाजले विचारलं तर ‘घड्याळ घ्या’ म्हणणारी माणसं माझ्यासमोर बसून धाकट्या जावेबद्दल चाळीस मिनिटं बोलत. मग मी थुजा नाही तर कल्केरियाचा एक डोस देई आणि पुढचे कित्येक महिने नुसत्या साखरेच्या गोळ्या. आमच्यात ही रीतच आहे. एकदा औषध दिलं की थांबायचं आणि वाट पाहायची. पेशंटला अर्थातच ते ठाऊक नसतं. तो दिवसातून तीनदा चार-चार गोळ्या निष्ठेने जिभेखाली ठेवतो.

दर महिन्याला मी गाठ बोटांनी तपासायचो आणि ‘घाबरण्यासारखं काही नाही’ म्हणायचो. गाठीला माणूस फार घाबरतो, त्यामुळे हा धीर काही कमी मोलाचा नव्हता. तेवढंच केलं असतं तर आज लिहिण्यासारखं काही उरलं नसतं. पण गोळीने गाठ विरते असं मी कधी म्हणालो नाही आणि विरत नाही असंही कधी म्हणालो नाही. माझा दवाखाना या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत चालला.

आमच्या कागदावर गाठीचं माप भाजीबाजाराच्या भाषेत असे. मसूर, वाटाणा, सुपारी, आवळा, लिंबू. एका निवृत्त इंजिनिअरांच्या पोटावरच्या गाठीपुढे मी ‘लिंबाएवढी’ लिहिलं, तर त्यांनी चष्मा काढला.

“लिंबू कोणतं?”

“कागदी.”

“हंगामातलं की उन्हाळ्यातलं?”

“त्याने काय फरक पडतो?”

“अहो, उन्हाळ्यात लिंबं सुपारीएवढी येतात. म्हणजे तुमच्या कागदावर माझी गाठ एप्रिलात आपोआप बरी होणार.”

पुढच्या वेळी ते व्हर्निअर कॅलिपर घेऊन आले. श्वास आत घेऊन एक माप, सोडून दुसरं. दोन वर्षं त्यांनी आलेख ठेवला. रेघ टेबलाच्या कडेसारखी सरळ होती. शेवटी त्यांनी तो माझ्यापुढे पसरला आणि म्हणाले, “डॉक्टर, परिणाम शून्य आहे. पण सातत्य वाखाणण्यासारखं आहे.” त्यानंतरही ते येत राहिले. घरी आकडे ऐकून घेणारं कुणी नव्हतं.

दुसरे एक गृहस्थ पेठेतून येत. त्यांची गाठ डोक्याच्या मागे होती आणि ती त्यांना प्राणप्रिय होती, कारण तिच्यामुळे हेल्मेट बसत नव्हतं. त्यांना दाखला हवा होता. ‘हेल्मेटमुळे गाठीस त्रास संभवतो’ असा मी लिहून दिला. एका चौकात पोलिसाने त्यांना अडवलं, दाखला वाचला आणि म्हणाला, “दाखवा गाठ.” त्याने दाबून पाहिली. मग पलीकडच्या पोलिसाला बोलावलं. त्यानेही दाबून पाहिली. सिग्नल दोनदा पडून गेला. गुरुवारी तो दुसरा पोलीस दंडावरची स्वतःची गाठ घेऊन माझ्याकडे हजर झाला.

हे गृहस्थ पुढच्या खेपेला आवाज खाली आणून म्हणाले, “डॉक्टर, एक विनंती आहे. ही कमी होऊ देऊ नका.”

“माझ्या औषधाने तसं होणार नाही,” मी म्हणालो. त्या काळात मी पेशंटला सांगितलेली खरी गोष्ट बहुधा तेवढीच. दाखला मात्र द्यायला नको होता. दुकानात एक माप मोठं हेल्मेट मिळत होतं.

आता खळदकर.

खळदकर विमा कचेरीत हेडक्लार्क होते. दोन खांद्यांच्या मध्ये पाठीवर गाठ, लिंबाएवढी (कागदी, हंगामातलं). खळदकर वहिनींच्या माहेरी कुणी काका साध्या ऑपरेशनला गेले ते परत आले नाहीत, तेव्हापासून त्या घरात सुरी फक्त भाजीसाठी वापरायची असा दंडक होता. वहिनीच त्यांना माझ्याकडे घेऊन आल्या. दहा महिने साखर खाऊन झाली. मग मधले दोन महिने कुणी फिरकलं नाही आणि एका संध्याकाळी दोघं आली. वहिनींचा चेहरा फुललेला. खळदकरांनी न बोलता शर्ट काढला आणि माझ्याकडे पाठ केली.

गाठ नव्हती. तिच्या जागी बोटभर लांबीची सरळ रेघ होती आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना चार-चार ठिपके, समोरासमोर. शस्त्रक्रियेच्या विषयात मला फार गुण नव्हते, पण टाके मला ओळखता येतात. खळदकरांनी मान वळवली नाही. पाठसुद्धा ओशाळलेली दिसू शकते हे मला तेव्हा कळलं.

“विरली हो डॉक्टर!” वहिनी म्हणाल्या. “साताऱ्याला युनियनच्या अधिवेशनाला गेले होते चार दिवस. आल्यापासून महिनाभर बनियन काढलं नाही, अंगात कणकण आहे म्हणाले. काल काढलं तर गाठ गायब! नुसती ही खूण. अशी खूण राहते ना हो?”

“राहते कधीकधी,” मी म्हणालो.

एवढाच माझा गुन्हा. नवराबायकोच्या मध्ये आपण कशाला पडा, अशी मी स्वतःची समजूत घातली. खरं कारण वेगळं होतं. इतक्या वर्षांत माझ्या टेबलासमोर पहिल्यांदाच कुणीतरी गाठ नसलेला माणूस उभा केला होता, आणि ते दृश्य मला आवडलं. जाताना खळदकरांनी माझा हात जरा जास्त वेळ दाबला. मी कागदावर चांगल्या अक्षरात लिहिलं, ‘गाठ पूर्ण विरली. खूण शिल्लक.’ त्यानंतर एकोणीस वर्षं आम्ही दोघं त्यावर एक अक्षर बोललो नाही.

वहिनी मात्र बोलल्या. भजनी मंडळात, वाण्याकडे, लग्नांत. सोसायटीच्या सभेत पाण्याच्या टाकीचा विषय संपला की “अहो, जरा दाखवा” असं म्हणत आणि खळदकर निमूटपणे शर्टाची बटणं काढत. लोक चष्मे लावून पाहत. स्वारगेटला बस बदलून माणसं माझ्याकडे येऊ लागली. खराडीहून आयटीतला एक मुलगा आला, त्याने बसायच्या आधी विचारलं, “डॉक्टर, टाइमलाइन काय पकडायची?” काहीजण वर्षभर गोळ्या घेऊन तक्रार करत, “गाठ आहे तशीच आहे, ते एक असो. पण खूणसुद्धा अजून दिसत नाही.”

आणि एक दिवस उषाताई मराठे आल्या.

उषाताई म्हणजे खळदकरांच्या विहीणबाई. त्यांची मुलगी खळदकरांच्या मुलाला दिलेली. शाळेतून निवृत्त झाल्यावर त्या पेटी शिकवत आणि वहिनींच्या भजनी मंडळाला साथ करत. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. “घरात आम्ही दोघीच,” असं त्या म्हणत, ती दुसरी म्हणजे पेटी. उजव्या हाताला, कोपराच्या जरा खाली बाहेरच्या बाजूला त्यांना गाठ होती. मऊ होती, पण फारशी सटकत नव्हती. तिथेच मला थांबायला हवं होतं. मी ‘आवळा’ असं लिहिलं आणि साखर सुरू केली.

दीड वर्षाने त्या म्हणाल्या, “अलीकडे वाजवताना शेवटची दोन बोटं थकतात.” मी कागदावर ‘बोटं थकतात’ लिहिलं आणि थकव्याची गोळी बदलून दिली. असं मी तीन महिने केलं. हे तीन महिने मी कुणावरही ढकलू शकत नाही.

मग एका सकाळी त्यांनी हात टेबलावर पालथा ठेवला. “हे बघा,” म्हणाल्या, आणि बोटं उचलली. तीन वर आली. अनामिका आणि करंगळी टेबलावरच राहिली. त्यांना काही दुखत नव्हतं, त्या थोड्या हसल्यासुद्धा.

“उषाताई, सर्जनला दाखवा. आजच. मी चिठ्ठी देतो.”

“का? तुम्ही आहात की.”

“गाठ आत खोल आहे. बोटं उचलणारी नस दाबली जाते आहे. आणखी दाबली तर बोटं परत यायची नाहीत.”

“व्याह्यांची विरली, तशी माझीही विरेल. मला काही घाई नाही. खूण राहिली तरी चालेल.”

मी खुर्चीत सरळ बसलो. “खळदकरांची गाठ विरली नाही. त्यांनी ऑपरेशन करून काढून घेतली. ती टाक्यांची खूण आहे. मी खोटं बोललो होतो.”

उषाताई माझ्याकडे कौतुकाने पाहत राहिल्या. “डॉक्टर, श्रेय घेऊ नये हे ठीक. पण इतकं?”

“अहो, खरंच सांगतोय.”

“आमचे गुरुजी असेच होते. भरल्या मैफलीतून उठताना म्हणायचे, आज काही जमलं नाही.”

मी चिडलो, आवाज चढवला, माझी औषधं म्हणजे साखर आहे असंही सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते माझ्या नम्रतेसाठी होतं. चिठ्ठी त्यांनी भजनाच्या वहीत घडी करून ठेवली. मी गोळ्या द्यायच्या बंद केल्या, तर त्या वहिनींच्या साठ्यातल्या घेऊ लागल्या. वहिनींकडे एकोणीस वर्षांपूर्वीची अर्धी बाटली जपून ठेवलेली होती.

आता एकच इलाज होता. खळदकर रोज सकाळी बागेत फेऱ्या मारून ठरलेल्या बाकावर बसत. मी शेजारी जाऊन बसलो.

“खळदकर, पाठीबद्दल बोलायचंय.”

“कुणाच्या?” त्यांनी समोर पाहत विचारलं.

“तुमच्या.”

ते बाकावर जरा सरकून बसले. मग म्हणाले, “आता काय काढता ते? तुमचं नाव झालं, माझी पाठ मोकळी झाली, हिचा शब्द राहिला. कुणाचं काही अडलंय?”

“विहीणबाईंची बोटं चाललीयत.”

“किती?”

“दोन.”

“दोनच ना?” असं ते म्हणून गेले, आणि लगेच स्वतःच कानकोंडे झाले. “तसं नव्हे हो. कचेरीची सवय, आकडा आधी विचारतो.” त्यांनी काठीने मातीत एक रेघ ओढली आणि पुसली. “कधी सांगायचं?”

“आज.”

“आज हिचा उपास आहे. उपासाला फार चिडते.”

“मग उद्या.”

“उद्या उपास सोडते. तेव्हा जास्त चिडते.”

रविवारी दुपारी चहाला सांगायचं ठरलं. मी येणार आणि उषाताईंनाही बोलावणार.

रविवारी खळदकरांच्या घरी वहिनी, मुलगा, सूनबाई, उषाताई आणि मी एवढे जण होतो. पोहे झाले. खळदकर उठले, न सांगता शर्ट काढला आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. सवयीने वहिनी म्हणाल्या, “हो, दाखवा, विहीणबाईंना धीर येईल.”

“ही ऑपरेशनची खूण आहे,” खळदकर भिंतीला म्हणाले. “मी साताऱ्याला गेलो नव्हतो. इथेच एका इस्पितळात होतो.”

वहिनी हसल्या. “डॉक्टरांनी सांगितलं वाटतं असं बोलायला? परवा विहीणबाईंनाही हेच सांगत होते. अहो डॉक्टर, पुरे झाला तो विनय.”

“अगं, खरं आहे ते!”

“वीस वर्षं मी या पाठीला तेल लावतेय. मला शिकवू नका. टाके असते तर मला कळलं नसतं?”

सूनबाई वाकून पाहू लागल्या. “आई, हे टाकेच आहेत. माझ्या सिझेरियनची खूण अशीच आहे.”

“तुझी आडवी आहे,” वहिनींनी निकाल दिला.

पुरावा काहीच नव्हता. कागद खळदकरांनी तेव्हाच फाडले होते, आणि कोणतं इस्पितळ ते सांगितलं तर तिथे आता कपड्यांचं दुकान होतं. एका माणसाने स्वतःच्या पाठीबद्दल दिलेली साक्ष त्याच्याच घरात टिकेना. खळदकर पाठ उघडी टाकून उभे, पंखा वर फिरतोय, आणि उषाताई दोन बोटं खाली लोंबत असलेल्या हाताने चहाचा कप धरून माझ्याकडे ‘बघा, मी म्हटलं नव्हतं?’ अशा नजरेने पाहताहेत.

तेवढ्यात वहिनींनाच आठवलं. “आणि म्हणे साताऱ्याला गेले नव्हते! मग कंदी पेढे कुठून आले? एक किलो आणले होते. सबंध सोसायटीत वाटले मी.”

“स्वारगेटला मिळतात,” खळदकर म्हणाले.

वहिनींनी चहाची किटली खाली ठेवली.

“स्वारगेटला?”

“स्टँडच्या समोर. इस्पितळातून घरी येताना रिक्षा थांबवून घेतले.”

वहिनींचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ऑपरेशन, खोटं अधिवेशन, एकोणीस वर्षांची फसवणूक, यातलं काही त्यांच्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. पेढे पोहोचले. “मी सगळ्यांना सांगितलं, खास साताऱ्याचे आहेत. आपट्यांनी दोनदा मागून घेतले,” त्या पुटपुटल्या. मग उठून नवऱ्याच्या पाठीजवळ गेल्या, बोटाने एकेक ठिपका मोजला. आठ झाले. शर्ट उचलून त्यांनी त्यांच्या खांद्यावर टाकला आणि माझ्याकडे वळल्या.

“मी तुम्हाला विचारलं होतं, डॉक्टर. अशी खूण राहते का म्हणून. तुम्ही काय म्हणालात?”

“राहते कधीकधी,” मी म्हणालो.

“का?”

मी माझा रिकामा कप पुन्हा तोंडाला लावला.

उषाताईंनी कप खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावरचं कौतुक गेलं होतं. त्या मुलीकडे वळून एवढंच म्हणाल्या, “उद्या किती वाजता नेशील?”

गाठ चरबीचीच निघाली. घातक काही नव्हतं. पण ती स्नायूच्या आत जाऊन नसेला चिकटून बसली होती. सर्जन तरुण आणि सभ्य होता. माझं वय पाहून त्याने आवाज मऊ ठेवला. “सर, बोटं थकतात म्हणाल्या तेव्हाच पाठवायला हवं होतं.” मी ‘हो’ म्हणालो. व्यायाम करून सहा-सात महिन्यांत अनामिका परत आली. करंगळी अर्धी उचलते आणि थांबते.

मी दवाखाना बंद केला. कपाटातून खळदकरांचा कागद काढून ती ओळ खोडली, खाली लिहिलं, ‘गाठ शस्त्रक्रियेने काढली. हे मला त्याच दिवशी माहीत होतं.’ गाठींच्या जुन्या पेशंटांना एकेक फोन केला. इंजिनिअर म्हणाले, “मला माहीत होतं, आलेख आहे माझ्याकडे.” हेल्मेटवाल्यांनी विचारलं, दाखला रद्द समजायचा का? मी म्हटलं, समजा. आणि बाकीच्या बहुतेकांनी माझं सगळं ऐकून घेऊन मला सांगितलं, की मराठेबाईंची आतली नस नुसत्या बोटांनी ओळखणारा डॉक्टर पुण्यात दुसरा नाही, आणि मी दवाखाना बंद करून फार मोठी चूक करतो आहे. दोघांनी तर नातेवाइकांच्या नव्या गाठी सांगितल्या.

हे मी उषाताईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “तोंडी सांगून आपल्याकडे कुणी ऐकत नाही. छापा. छापलेलं खोटं ठरवायला लोकांना जरा वेळ लागतो.” म्हणून हा लेख.

त्या पुन्हा पेटी वाजवतात. बोटांची जागा बदलून त्यांनी सगळे अभंग नव्याने बसवले, आणि ते काम सोपं नसतं असं मला मंडळातल्या बायकांनी सांगितलं. परवा सोसायटीच्या सभागृहात कार्यक्रम होता. खळदकर आणि मी शेजारी बसलो होतो. वहिनी त्यांच्याशी बोलतात, माझ्याशी नाही. एका अभंगात एक जागा अशी आहे की तिथे करंगळीशिवाय दुसरं बोट पोचतच नाही. उषाताई तो सूर सोडून देतात. बायका मोठ्याने गात असतात, टाळ चालू असतात, कुणाच्या लक्षात येत नाही. मला गाण्यातलं काही कळत नाही. ती जागा मात्र मला आता बरोबर कळते, ती यायच्या दोन ओळी आधीपासून. ती आली की उषाताई मान वर करून माझ्याकडे पाहतात, मी पाहतोय ना याची खात्री करतात, आणि पुढचं कडवं घेतात.